चाप

मार्लिस ट्वाइट कॉफी अर्धाच कप घेते.
फार्गोला पहाटे पावणेपाच, बाहेर उणे एकवीस,
पंखांवर नारिंगी औषधाचा फवारा चाललेला,
आणि तरी अर्धाच.

जास्त प्यायली तर उठावं लागेल.
उठायचं तर कॉकपिटचं दार उघडणार.
दार उघडणार तर त्याआधी कमरेचं ते
म्यानात, कुलपात, पेटीत,
आणि परत आल्यावर पेटीतून, कुलपातून, कमरेला.
हात लागला की चुकीला जागा झाली.
न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, प्लायवूडच्या खोट्या विमानात
शिकवणारी बाई रोज तेच घोकायची:
शौर्य नको मला तुमचं. कंटाळा आणा.
कंटाळलेला माणूस कशाला हात लावत नाही.

मार्लिसचा बाप हॅल्वर, हरणांच्या मागे जाणारा.
नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात बंदूक देताना म्हणाला होता,
रिकामी बंदूक नावाची वस्तू जगात नसते.
आणि नळी कायम तिकडे,
जिकडे गोळी गेली तर तुला रडू येणार नाही.
सोपं होतं.
गोठलेलं तळं होतं, मातीचा चढ होता,
वाळवी लागलेली बर्चची खोडं होती.

चौतीस हजार फुटांवर ती रोज
तशी एक दिशा शोधते.
समोर काच.
मागे दार, दाराआड एकशे अडतीस माणसं,
त्यांतलं एक तान्हं, बाविसाव्या रांगेत, फार्गोपासून रडतंय.
खाली वायरी आणि नळ्या, एकेकीचं काम तिला पाठ.
वर बोटभर जाडी, आणि मग हवासुद्धा धड नाही.
उजवीकडे पुलियम,
मांडीवर सफरचंदाच्या फोडींचा डबा घेऊन.

मराठीत एक गंमत आहे, मार्लिसला ती कळायची नाही:
ओढतात तो चाप.
आवर घालायचा तर लावतात, तोही चापच.

त्या रात्री बिस्मार्कला उतरायला वीस मिनिटं होती.
दिवे मंद केलेले. कुलूप तिने हातानेच चाचपून घातलं,
सहा वर्षांची सवय, खट् झालं.
खट् झालं म्हणजे लागलं, असं बोटांना वाटतं.
बोटांना बरंच काही वाटतं.
काय सुचलं कोण जाणे, तिने टॉर्च लावला.
चापाच्या मागून जायची कडी
पुढून गेली होती.
म्यान जरा आत रेटलं असतं,
जसं ती रोज रेटते, तळव्याने, सहज,
तर कडीनेच चाप ओढला असता.

'विमान तुझं,' ती पुलियमला म्हणाली.
'माझं,' तो म्हणाला. डबा बंद केला.
त्याने काही विचारलं नाही, मान वळवली नाही.

मग नळी कुठे?
काच, दार, वायरी, पुलियम.
तिने ती आपल्याच डाव्या बुटाकडे वळवली.
नियमात हे बसत नाही. बापाच्याही नाही.
पण रडू आलंच असतं तर
तिचं तिलाच.
कडी काढायला दीड मिनिट लागलं.
हात थरथरले ते नंतर,
चाकं टेकल्यावर, टर्मिनलकडे वळताना.

हॉटेलात रात्री दोन पानं लिहिली,
बुटाची ओळसुद्धा गाळली नाही.
मिनियापोलिसचा रस्क, तोही कमरेला बाळगणारा,
फोनवर हसला: आवाज झाला का? नाही ना?
मग अहवाल कसला?
ती म्हणाली, आवाज व्हायच्या आधीच लिहिता येतं, रस्क.
नंतर दुसरे लिहितात.

पेटी तिजोरीत होती, तिजोरी भिंतीत.
कपडे बदलताना उजव्या कमरेवर
पट्ट्याचा तांबूस वळ दिसला, बोटभर रुंद.
अंगठ्याने दाबला तर पांढरा पडायचा,
सोडला की
परत जागेवर.